पाखरांचीही ख्यालीखुशाली विचारा



आज एक साधा प्रश्न विचारतो. तुमच्या गावच्या शिवारात शेवटचं गिधाड कोणत्या साली दिसलं?

घरातल्या थोरल्या माणसांना विचारून बघा. पन्नाशीच्या पुढची माणसं सांगतील, "आमच्या लहानपणी मेलेलं जनावर गावाबाहेर टाकलं की घटकाभरात आभाळातनं गिधाडं उतरायची. दिवस मावळायच्या आत नुसता सांगाडा राहायचा." पण ती यायची कधी बंद झाली, असं विचारलं की सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघतात. बहात्तरच्या दुष्काळात कुठल्या कामावर खडी फोडली ते ध्यानात असतं. कुणाच्या लग्नात किती पंक्ती उठल्या तेही ध्यानात असतं. आणि पंख पसरले की सात फूट भरणारं एवढं मोठं पाखरू आभाळातून गेलं, त्याचं साल मात्र कुणाला ठाऊक नसतं.

गिधाडं का गेली, हे आता कळलं आहे. जनावराच्या दुखण्यावर, सुजेवर डायक्लोफिनॅक नावाचं औषध सर्रास टोचलं जायचं. ते टोचल्यावर थोड्या दिवसांत जनावर दगावलं आणि गिधाडांनी खाल्लं, की त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. १९९० नंतरच्या पंधरा वर्षांत देशातल्या दहा गिधाडांमागं नऊहून जास्त गेली. औषधाचा हा गुण २००४ साली उघडकीला आला आणि २००६ साली सरकारनं जनावरांसाठी त्यावर बंदी घातली. पुढं २०२३ साली किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक या आणखी दोन औषधांवर जनावरांपुरती बंदी आली. मेलॉक्सिकॅम नावाचं औषध गिधाडांना बाधत नाही आणि जनावराचं दुखणंही थांबवतं. गोठ्यात डॉक्टर आले तर एवढं नाव त्यांच्या कानावर घाला. त्याला पैसे पडत नाहीत.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट पुढंच आहे. गिधाडं कमी होताहेत, हे पहिल्यांदा कुणाच्या ध्यानात आलं? राजस्थानात भरतपूरला केवलादेव नावाचं पाखरांचं रान आहे. तिथं मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश यांनी १९८० नंतरच्या काळात गिधाडांची घरटी मोजून लिहून ठेवली होती. पुन्हा १९९६-९७ साली त्यांनी घरटी मोजली, तर ती निम्म्याहून कमी भरली. जुना आकडा कागदावर होता म्हणून नवा आकडा बोलू लागला. नाहीतर "औंदा कमी दिसतात बुवा" एवढ्यावरच ती गोष्ट संपली असती, जशी तुमच्या-आमच्या गावात संपली.

म्हणून आजचं सांगणं असं, की आपल्या रोजच्या बोलण्यात पाखरांना जागा द्या आणि त्या बोलण्यातलं चिमूटभर कागदावर उतरवा.

तुम्ही म्हणाल, पाखरं बघत बसायला आम्हाला वेळ कुठला? ती कामं शहरातल्या, गळ्यात दुर्बीण अडकवलेल्या मंडळींची. पण शेतकऱ्याएवढी पाखरं कुणाच्या नजरेखालून जातात सांगा बरं. पहाटे धारेला उठल्यापासून रात्री मोटारीचं पाणी धरेपर्यंत तुम्ही रानात असता. शहरातला माणूस पाखरू बघायला रजा काढून येतो. तुम्हाला ते बांधावर येऊन भेटतं.

आणि बोलणं तर रोजचंच आहे. माण तालुक्यातली एक लेक तासगावकडं दिलेली असते. तिची बालमैत्रीण खटावात नांदत असते. आठ-पंधरा दिवसांनी दोघींचा फोन होतो. तो साधारण असा असतो :

"काय गं, पाऊस झाला का?"

"झाला, पर बेताचाच. तुझी म्हैस व्याली का?"

"व्याली की. रेडी झाली. आत्तींचं गुडघं कसं हायत?"

एवढ्यात एखादीनं म्हटलं, "अगं, आमच्या शाळवावर भोरड्या उतरल्या बघ परवापास्नं. तुमच्याकडं आल्या का?" आणि दुसरीनं सांगितलं, "न्हाई अजून," तर हे बोलणं रिकामं समजू नका. एक पाखरू खटावात आलं आणि तासगावात आलं नाही, ही बातमी झाली. तारीख लिहून ठेवली की ती नोंद झाली. अशा दहा वर्षांच्या नोंदी झाल्या की त्यांतून हवा-पाण्याचं पुष्कळ काही उमगतं.

गडी माणसांचंही तसंच. पुसेगावच्या नाहीतर खरसुंडीच्या जत्रेला सातारा आणि सांगली दोन्हीकडची माणसं जमतात. बैलाचे दात बघतात, किमती बोलतात. तिथं पाव्हण्याला विचारावं, "का हो, तुमच्याकडं माळावर तित्तर ओरडतो का अजून?" सांगली जिल्हा १९६० पर्यंत दक्षिण सातारा म्हणूनच ओळखला जायचा. माणसांची सोयरीक तशी जुनीच आहे, आणि पाखरांना तर जिल्ह्याची हद्द कधी नव्हतीच.

आता चार ओळखीची पाखरं घेऊ. त्यांच्याविषयी आपण बोलतो, पण अर्धंच जाणतो.

पहिली ही भोरडीच. शाळू निसवला, कणसात दूध भरलं, की हिचे थवे ढगासारखे येतात. माळ्यावर उभं राहून गोफणी फिरवून आपले हात दुखतात. अंग गुलाबीसर, डोकं आणि पंख काळे. पळस फुलला की त्याच्यावरही गर्दी करते, म्हणून तिला पळसमैना असंही म्हणतात. ही आपल्याकडची नव्हे. पावसाळा सरता सरता मध्य आशियातून येते आणि उन्हाळा लागला की परत जाते. पिलं ती तिकडंच काढते. तिकडं तिची पत कशी आहे ठाऊक आहे? चीनमधल्या शिनच्यांग प्रांतात गवताळ रानांवर टोळ आणि नाकतोडे फार. ते फस्त करावेत म्हणून तिथले लोक भोरड्यांना घरटी करायला दगडविटांच्या जागा मुद्दाम बांधून देतात. आपण गोफण मारतो आणि तिकडं घर बांधून देतात. पाखरू तेच. आपल्याकडंही ती नुसता दाणा खात नाही, नाकतोडेही टिपते. म्हणून राखण जरूर करा, घरचा दाणा घरात आलाच पाहिजे. पण तिला विष घालू नका. विषाचा दाणा भोरडीच खाईल असं नाही. चिमणी खाते, होला खातो, घरची कोंबडीही खाते.

दुसरा पावशा. रोहिणीच्या सुमाराला, वळीव पडून गेल्यावर, हा झाडात बसून ओरडतो. आपल्याला ते "पेरते व्हा, पेरते व्हा" असं ऐकू येतं. हिंदी मुलखात लोक म्हणतात की हा "पी कहाँ" असं विचारतो, म्हणजे माझा सखा कुठं आहे. बंगालात त्याच हाकेला "चोख गेलो", डोळा गेला, म्हणतात. इंग्रजाला ती उन्हानं डोकं तापवणारी वाटली, म्हणून त्यानं नावच ठेवलं मेंदूचा ताप. हाक एकच, पण ज्याच्या मनात जे घोळतं ते त्याला ऐकू आलं. आपल्या मनात पेरणी होती. हा लबाड मात्र स्वतः घरटं बांधत नाही. सातभाईच्या घरट्यात अंडं घालतो, आणि ती भोळी पाखरं त्याचं पोर आपलं समजून वाढवतात. पावशाची पहिली हाक कोणत्या तारखेला ऐकली आणि पेरणीजोगा पाऊस कोणत्या तारखेला झाला, या दोन तारखा शेजारी शेजारी लिहा. पाच-सात वर्षांनी त्याच्या हाकेवर किती विसंबायचं, ते तुमचं तुम्हालाच कळेल. मात्र तोवर त्याच्या हाकेवर बियाणं मातीत घालू नका. ओल बघूनच पेरा.

तिसरी सुगरण. विहिरीवर वाकलेल्या बाभळीला हिचे खोपे लोंबतात. नाव बाईमाणसाचं, पण घर बांधतो तो नर. उसाच्या, गवताच्या, शिंदीच्या पानांचे बारीक दोरे काढून तो खोपा विणतो आणि अर्ध्यावर थांबतो. मग मादी येते, आत-बाहेर फिरून बघते. पसंत पडला तर नांदायला येते. मग नर पुढचं काम, खाली लोंबणारी नळी वगैरे पुरी करतो. पसंत नाही पडला तर तो खोपा तसाच राहतो. आपल्या घरी मुलगी बघायला पाहुणे येतात, तिच्यात घर बघायला नवरी येते. आयाबायांनो, ही गोष्ट घरातल्या मंडळींना जरूर सांगा. आणि अर्धवट राहिलेले खोपे मोजून बघा, नापसंती किती झाली ते कळेल.

चौथी टिटवी. रात्री ओरडली की आपण म्हणतो अशुभ, काहीतरी वाईट होणार. खरं पाहिलं तर ती राखण करते. टिटवी झाडावर घरटं बांधत नाही. उघड्या रानात ढेकळांत, खड्यांत चार अंडी घालते. मातीच्याच रंगाची ती अंडी चटकन दिसत नाहीत. कुत्रं, कोल्हं, माणूस, कुणीही त्या बाजूला वळलं की ती ओरडून उठते. म्हणजे टिटवी ओरडली तर मरणाची बातमी नाही, रानात कुणीतरी फिरतंय एवढीच बातमी. वस्तीवर एकट्या राहणाऱ्या घराला अशी फुकटची राखणदारीण मिळाली तर बरीच की. औत नाहीतर ट्रॅक्टर चालवताना टिटवी तोंडासमोर नाचून आरडाओरडा करू लागली तर जरा थांबा, अंडी शोधा आणि हातभर जागा सोडून पुढं जा. तेवढ्यानं उत्पन्न कमी होत नाही.

उपयोगाचं म्हणाल तर तेही सांगतो. हरभऱ्यात घाटे अळी पडली की आपण पंप पाठीला लावतो. त्याआधी शेतात इंग्रजी टी अक्षरासारख्या आडव्या-उभ्या काठ्या रोवून बघा. एकरी आठ-दहा पुरे. त्यांवर कोतवाल, साळुंकी, वेडा राघू येऊन बसतात आणि किडे-अळ्या टिपतात. कृषी विद्यापीठंही पक्षी थांबे लावा म्हणून सांगतात. उंदरांवर गव्हाणी घुबड आणि कापशी घार. कापशी दिवसा शेतावर एका जागी पंख हलवत थांबते आणि दगडासारखी खाली पडते. घुबड रात्रपाळी करतं. दोघांनाही पगार नाही. चिमणीकडंही दाणे खाणारी म्हणून बघू नका. तिची पिलं वाढतात ती किड्या-अळ्यांवर. परसात फवारा मारून एकही किडा उरला नाही, तर चिमणी पिलाला काय भरवणार?

आता आपल्या मुलखाकडं बघा. पश्चिमेला जावळी, पाटण, शिराळा इथं पावसाचा धुमाकूळ. पूर्वेला माण, खटाव, आटपाडी, जत इथं पाण्याची वाट बघणं. पूर्वी या पूर्वेच्या माळांवर मेंढरं, कुसळं आणि शाळू. पाखरंही तशीच होती, चंडोल, धाविक, तित्तर, लावे. आता टेंभू आणि म्हैसाळ योजनांनी कृष्णेचं पाणी उचलून या बाजूला आणलं. द्राक्षं आली, डाळिंबं आली, ऊसही आला. घरात चार पैसे आले, ते चांगलंच झालं. ज्या बायांनी डोक्यावर हंडे वाहिले त्यांना पाण्याचं मोल सांगायला नको. पण माळ मोडला की माळावरचं पाखरू जातं आणि पाणी आलं की पाण्यावरचं पाखरू येतं. बगळे, पाणकावळे, टिबुकल्या कुठल्या गावात कोणत्या साली पहिल्यांदा दिसल्या? चंडोल कुठून उठला? हा हिशेब कुठल्याच सातबाऱ्यावर नाही. तो तुमच्या डोळ्यांत आहे, आणि डोळे मिटले की जाणार.

मायणीचंच घ्या. खटाव तालुक्यातला हा तलाव इंग्रजांच्या काळातला. हिवाळ्यात तिथं रोहित पक्षी येतात, म्हणून लांबलांबची माणसं बघायला येतात. उंच काटकुळे पाय, वाकडी मान, पंख उघडले की आत आग लागल्यासारखा रंग, म्हणून त्यांना अग्निपंखही म्हणतात. चोच उलटी करून ते चिखल-पाणी गाळतात आणि त्यातलं शेवाळ, बारीक जीव खातात. त्या खाण्यातूनच त्यांना गुलाबी रंग येतो. त्यांना उथळ पाणी लागतं. तलाव काठोकाठ भरला तरी अडचण आणि कोरडा पडला तरी अडचण. म्हणून ते एखाद्या साली येतात आणि एखाद्या साली येत नाहीत. २०२१ साली हा तलाव पक्षी संवर्धन राखीव म्हणून जाहीर झाला. पण कुठल्या साली रोहित आले, किती आले, पाणी किती होतं, हे तिथल्या काठावरच्या शेतकऱ्याइतकं कोण सांगू शकेल? तलावाला सरकारचं कुंपण घालता येतं. त्याची आठवण मात्र काठावरच्या घरांनीच राखायची असते.

अशी आठवण राखणारी माणसं आपल्यात होऊन गेली. व्यंकटेश माडगूळकर आटपाडी तालुक्यातल्या माडगुळ्याचे. पुण्याच्या आकाशवाणीवर खेड्यातल्या माणसांसाठी कार्यक्रम करायचे. तरुणपणी शिकारीचा नाद. पुढं बंदूक सुटली आणि वही हातात आली. वानरांच्या टोळ्या बघून लिहिलेल्या त्यांच्या 'सत्तांतर' या पुस्तकाला १९८३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. दुसरे मारुती चितमपल्ली, सोलापूरचे. जंगल खात्यात नोकरी केली आणि रानातल्या माणसांच्या तोंडची पाखरांची, झाडांची नावं वर्षानुवर्षं टिपून घेतली. त्यातूनच 'पक्षिकोश'सारखं काम उभं राहिलं. २०२५ च्या जून महिन्यात ते गेले. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि पाखरांचे मोठे जाणकार डॉ. सालिम अली यांचा १२ नोव्हेंबर. हा आठवडा २०२० पासून आपल्या राज्यात पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. दोघांच्याही थोरवीचं मूळ एकच, बघितलं ते त्याच दिवशी लिहून ठेवलं.

तेव्हा तुम्ही काय करायचं? पोरांच्या जुन्या वहीतली कोरी पानं घ्या. चार रकाने आखा. तारीख, जागा, पाखराचं नाव, आणि ते काय करत होतं. तिथी लिहायची तर लिहा, पण इंग्रजी तारीख लिहाच. अधिक महिना आला की तिथी महिनाभर सरकते आणि मागच्या सालाशी ताळा बसत नाही. नाव तुमच्या गावात जे असेल तेच लिहा. भारद्वाजाला तुमच्याकडं कुंभारकावळा म्हणत असतील तर कुंभारकावळाच लिहा. नाव ठाऊक नसेल तर रंग, आकार, आवाज लिहा. लेकाच्या फोनवर आवाज भरून घ्या आणि जाणत्याला ऐकवा. "आज काही दिसलं नाही" हेही लिहा, कारण न येणं हीसुद्धा बातमीच असते. दर फेब्रुवारीत चार दिवस जगभरची माणसं आपापल्या दारातली पाखरं मोजतात. आपल्या देशात हे २०१३ पासून चालू आहे. पंधरा मिनिटं अंगणात बसायचं आणि मोजायचं, एवढंच काम. शाळेतल्या गुरुजींच्या, बाईंच्या कानावर घाला, ते पोरांकडून करून घेतील.

दोन पथ्यं मात्र पाळा. घरटं सापडलं तर चारचौघांत डांगोरा पिटू नका आणि पिलं हाताळू नका. आणि पोपट पिंजऱ्यात ठेवणं, तित्तर-लावे फाशात धरणं हे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, हे घरातल्या पोरांना समजावून सांगा.

आणि येत्या आठवड्यात बहिणीला, मैत्रिणीला, साडूला फोन कराल तेव्हा पाऊस, दूध, गुडघे सगळं विचारून झालं की एक वाक्य जास्त बोला, "तुमच्याकडं कोणतं पाखरू आलंय?" पलीकडून उत्तर येईल, "थांब, बघून सांगते." ती बघायला दारात गेली की काम झालं. तिनं सांगितलेलं तारखेसकट लिहून ठेवा. तुमच्या नातवानं उद्या विचारलं, "आजी, आपल्या रानात शेवटचा चंडोल कधी बघितलास?" तर त्याच्या हातात वही देता आली पाहिजे. त्याहून बरं म्हणजे, चंडोल अजून गातोच आहे, चल दाखवते, असं म्हणता आलं पाहिजे.

बराय, भेटू पुढच्या खेपेला.